पत्रा कुणीही देतो, वीजबिल कोण भरणार? कोल्हापुरात बेघरांच्या निवाऱ्यासाठी निधी उभारताना

कोल्हापुरात वर्गणी जमत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला गणपतीच्या आधी पंधरा दिवस पेठांतून फिरवून आणावं. २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीतल्या केंद्रावर इतक्या भाकऱ्या आल्या की शेवटी फलक लावावा लागला, 'भाकरी पुरे, कोरडे कपडे आणा.' पुढे त्याच गल्लीत बेघर प्रौढांच्या निवाऱ्यासाठी पावतीपुस्तक घेऊन गेलो, तर पहिल्याच दुकानात ऐकायला मिळालं, "धडधाकट हायत की ती माणसं. कामं करू देत."

अनाथ मुलांसाठी मागा, हात आपसूक खिशात जातो. वृद्धाश्रमासाठी मागा, लोक आईच्या आठवणीनं देतात. चाळिशीतला, दाढी वाढलेला माणूस स्टँडच्या भिंतीला पाय दुमडून झोपलाय, त्याच्यासाठी मागताना मात्र आधी त्याची बाजू मांडावी लागते आणि मग पैशाचं बोलता येतं. दुसरी अडचण याहून मोठी आहे. पत्रे, खाटा, पंखे यांना दाता मिळतो, कारण त्यावर नाव घालता येतं. रात्रपाळीच्या माणसाचा पगार, वीजबिल, फिनेल यावर कुणाचं नाव घालणार? निवारे बंद पडतात ते इथं. म्हणून पुढं इमारतीच्या निधीबद्दल थोडं आणि महिन्याच्या पैशाबद्दल जास्त लिहिलं आहे.

पावतीपुस्तक छापण्याआधी रात्री फिरा

रात्री साडेअकरा ते पहाटे चार. दोघा-तिघांच्या टोळ्या करा, प्रत्येक टोळीत एक तरी बाई असू द्या. मध्यवर्ती बसस्थानक, रेल्वे स्टेशन, सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा परिसर, महाद्वार रोडवरच्या बंद दुकानांच्या पायऱ्या, पंचगंगा घाट, मार्केट यार्ड, लक्ष्मीपुरीतले गाळे. एकदा आडवारी जा आणि एकदा पौर्णिमेला. दोन रात्रींचे आकडे जुळणार नाहीत. का जुळले नाहीत हे शोधताना निम्मा अभ्यास होतो.

मोजताना तीन माणसं वेगळी काढायची. अंबाबाईच्या दर्शनाला आलेला यात्रेकरू बेघर नाही. सीपीआरच्या आवारात सतरंजी टाकून झोपलेला रुग्णाचा भाऊ बेघर नाही. त्याची अडचण खरी आहे, पण ती वेगळी. आणि मार्केट यार्डातला हमाल, ज्याचं गावाकडं घर आहे पण इथं भाड्याची खोली परवडत नाही, त्याचा वेगळा रकाना करा. तो तुमच्या निवाऱ्यात येईल, आणि रात्रीचे दहा-वीस रुपये स्वतःहून देईलसुद्धा.

झोपलेल्याला उठवायचं नाही. जागा असेल त्याच्याशी बोलायचं. नाव विचारायचं नाही, फोटो काढायचा नाही. काय काम करता, किती दिवस इथं, रात्रीचा सगळ्यात मोठा त्रास कशाचा, एवढे तीन प्रश्न पुरे. तिसऱ्या प्रश्नाला आम्हाला वाटलं होतं, थंडी म्हणतील नाहीतर डास म्हणतील. बसस्थानकाजवळ एक जण चपला उशाला घेऊन झोपला होता, त्याच्या अंगावर पांघरूण होतं, पण पाय उघडे. तो म्हणाला, "चपला गेल्या की दुसऱ्या दिवशी काम जातंय, दादा. अनवाणी माणसाला कुणी कामावर घेत नाही." त्या रात्री आमच्या अंदाजपत्रकात एक ओळ वाढली: प्रत्येक खाटेला कुलपाची पेटी.

त्या दुकानदाराच्या वाक्याचं उत्तरही या रात्रीच्या मोजणीच्या वहीत सापडतं. लग्नाच्या हॉलात रात्री एकला भांडी घासणारे, हॉटेलात काम करून तिथं झोपायची परवानगी नसणारे, भंगार वेचणारे, गाड्या रिकाम्या करणारे असे किती, हे लिहून ठेवा. मग "कामं करू देत" म्हणणाऱ्याला शांतपणे सांगता येतं, "मामा, काम करतातच. झोपायला जागा नाही."

मोठे आकडेही जवळ असू द्यात. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. देशात सुमारे १७.७ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २.१ लाख माणसं नोंदली गेली. दात्याशी बोलताना मात्र सुरुवात आपल्या वहीपासून करा. देशाचा आकडा ऐकून कुणी खिशात हात घालत नाही. स्टँडवरच्या चपलांची गोष्ट ऐकून घालतो.

महापालिकेत जाऊन या, मग जागा

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातल्या बेघर निवाऱ्यांच्या मार्गदर्शक सूचनांत एक मोजमाप दिलेलं होतं: दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान १०० जणांची कायम निवाऱ्याची सोय. कोल्हापूर शहराची लोकसंख्या २०११ साली ५,४९,२३६ होती. म्हणजे त्या हिशेबानंच पाचशे जणांची सोय हवी. हा गुणाकार एका कागदावर मोठ्या अक्षरात छापून न्या. सर्वोच्च न्यायालयानं २०१० पासून बेघर निवाऱ्यांबाबत राज्यांना वेळोवेळी आदेश दिले आहेत, त्यामुळं तुम्ही भीक मागायला आलेला नाही, शहराचं राहिलेलं काम उचलायला आला आहात, हे मनात पक्कं असू द्या.

शहरात आज चालू असलेला निवारा आधी बघा, एक रात्र तिथं बसा. तिथं खाटा रिकाम्या असतील तर नवा निवारा काढण्याआधी त्या का रिकाम्या आहेत हे शोधा. बऱ्याचदा कारण साधं असतं: स्टँडपासून लांब, दारात आधार कार्ड मागतात, नवरा-बायकोला वेगळं पाडतात, कामावरून येईपर्यंत दार बंद. महापालिका जागा देते आणि संस्था चालवते अशी सोय जमली तर सोन्याहून पिवळं, तुमच्या डोक्यावरचं निम्मं ओझं तिथंच उतरतं. योजनांची नावं आणि वाटे बदलत राहतात; संबंधित विभागाकडून चालू परिपत्रकाची प्रत मागून घ्या, तोंडी माहितीवर अंदाजपत्रक बांधू नका.

जागा बघताना कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको, पण सांगतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका. सुतारवाड्यात पाणी कधी शिरतं हे सगळ्यांना पाठ आहे. फुकट मिळालेली जागा पूररेषेत असेल तर ती फुकट नाही. ऐन पावसाळ्यात, जेव्हा निवाऱ्याची सगळ्यात जास्त गरज, तेव्हाच तीस माणसं दुसरीकडं हलवावी लागतील. दाते हा प्रश्न हमखास विचारतात. पुराची निळी रेषा, लाल रेषा दाखवणारा नकाशा फाईलमध्ये ठेवा. आणि गावाबाहेरची मोठी जागा बघून हुरळू नका. रात्री बारा वाजता काम संपलेला माणूस चार किलोमीटर चालत येत नाही.

गणित: एका रात्रीचे किती?

तीस खाटांचा निवारा धरू. माणशी साधारण ५० चौरस फूट हा निकष, म्हणजे झोपायची जागाच १५०० चौरस फूट. त्यात स्वयंपाकघर, न्हाणीघरं, संडास, सामानाची खोली वेगळी. बायकांची सोय करायची असेल तर वेगळा जिना किंवा वेगळं दार हवंच. ते जमत नसेल तर पहिला निवारा एकाच गटासाठी काढा आणि तसं स्पष्ट सांगा.

आता महिन्याचा खर्च. खालचे आकडे रीत दाखवण्यापुरते आहेत. तुमच्या भागातलं भाडं आणि चालू किमान वेतन बघून ते बदला.

रखवालदार-व्यवस्थापक चार, प्रत्येकी १३,००० प्रमाणे ५२,०००. तीन पाळ्यांना तीन माणसं दिसतात, पण साप्ताहिक सुट्टी, आजारपण, गावची जत्रा धरली की चौथा लागतोच. इथं बचत करणारे नंतर रडतात. सफाई ९,०००. जागाभाडं २५,०००. वीज-पाणी ८,०००. साबण, फिनेल, ढेकणांची फवारणी, धुलाई ६,०००. औषधं आणि गाडीभाडं ५,०००. रात्रीचं जेवण आणि सकाळचा चहा माणशी ४५ रुपये धरून ३० जणांचे ३० दिवसांचे ४०,५००. बेरीज १,४५,५००.

याला तीसनं भागलं की एका खाटेचे महिन्याला ४,८५०. पुन्हा तीसनं भागलं की एका माणसाच्या एका रात्रीचे साधारण १६२ रुपये. सगळ्या मोहिमेत जपायचा आकडा हाच. 'पंचवीस लाख जमवायचेत' म्हटलं की माणूस मनातल्या मनात बाजूला होतो. दोन मिसळींच्या पैशात एक माणूस एक रात्र छपराखाली, जेवून झोपतो, हे म्हटलं की तो हिशेब करायला लागतो.

गाडीभाड्याबद्दल एक बाजूची गोष्ट. रस्त्यावर भटकणारी मनोरुग्ण व्यक्ती पोलीस किंवा शेजारी सरळ तुमच्या दारात आणून सोडतील. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार अशा व्यक्तीला संरक्षण देऊन तपासणीसाठी सरकारी आरोग्य संस्थेत नेणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. निवारा म्हणजे मनोरुग्णालय नव्हे. तरी कधीतरी सीपीआर, कधीतरी रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयापर्यंत कुणाला तरी सोबत जावं लागतंच. ही ओळ अंदाजपत्रकात पहिल्यापासून असू द्या.

एकदाचा खर्च, म्हणजे खाटा, पेट्या, गाद्या, नळ, पाणी तापवायची सोय, वेगळ्या पानावर. आणि तिसरं पान सगळ्यात महत्त्वाचं: सहा महिन्यांची शिदोरी. वरच्या हिशेबानं ८,७३,०००. ही रक्कम बँकेत पडल्याशिवाय दार उघडायचं नाही. आमच्यातले दोघे-तिघे यावरून चिडले होते, "थंडी सुरू झालीय आणि तुम्ही ठेवी कसल्या करताय?" चिडणं बरोबरच होतं. पण तीन महिन्यांनी दार बंद करून तीस माणसांना परत पायरीवर पाठवण्यापेक्षा तीन महिने उशिरा उघडलेलं बरं.

कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळता येत नाही.

नवी संस्था काढायची घाई नको. शहरात जुने, लेखापरीक्षण वेळेवर करणारे सार्वजनिक न्यास आहेत. त्यांच्या उद्दिष्टांत हे काम बसत असेल तर त्यांच्या छत्राखाली वेगळं खातं उघडून सुरुवात करता येते. नोंदणी नसलेल्या समितीनं वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. ही भानगड गल्लीतल्या गणपती मंडळाच्या पोरांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असते. दरवर्षी काढतात ते. त्यांच्यातलाच एक जण कामाला जोडून घ्या.

बँक खातं संस्थेच्या नावाचं, दोघांच्या सहीचं. क्यूआर कोड त्याच खात्याचा. 'सध्या माझ्या नंबरवर टाका, नंतर भरतो' हे एकदासुद्धा चालवू नका, तुम्ही कितीही सरळ असलात तरी. पावतीपुस्तकांना क्रमांक, आणि कुठलं पुस्तक कुणाकडं याची वही.

प्राप्तिकराच्या नोंदणीशिवाय मोठा दाता पुढं येत नाही. संस्थेच्या स्वतःच्या करमाफीची (१२ए म्हणून ओळखली जाणारी) आणि दात्याच्या करसवलतीची (८०जी म्हणून ओळखली जाणारी) नोंदणी चालू आहे ना, तिची मुदत कधी संपते, हे सनदी लेखापालाकडून लिहून घ्या. दोन हजारांपेक्षा जास्त रोख देणगीवर दात्याला ८०जीची सवलत मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम बँकेतूनच घ्या. वर्ष संपल्यावर देणग्यांचं विवरण भरून दात्याला प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यासाठी देतानाच पॅन नंबर लिहून घ्या. मे महिन्यात तीनशे जणांना फोन करत बसणं ही शिक्षा आहे. मात्र नवी करप्रणाली घेतलेल्या नोकरदाराला ही वजावट मिळतच नाही, तेव्हा 'टॅक्स वाचेल' हे तुमचं मुख्य वाक्य करू नका.

गुप्तदानाबद्दल सावध. नाव-पत्ता नसलेल्या देणग्या एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख, यातल्या मोठ्या रकमेपलीकडं गेल्या तर वरच्या रकमेवर तीस टक्के कर बसतो. दुकानांत दानपेट्या ठेवायच्या असतील तर हे आधी लेखापालाशी बोला. तसंही आमचा पेट्यांचा अनुभव फारसा बरा नाही. चार तास पेट्या फोडून नाणी मोजली, बोटं काळी झाली, आणि आलेल्या रकमेत एका रखवालदाराचा महिन्याचा पगार निघाला नाही.

परदेशातल्या कोल्हापूरकरांकडं मागायचं तर पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसानं स्वतःच्या बचतीतून दिलेले पैसे परदेशी देणगी धरले जात नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांचे धरले जातात, मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. त्यासाठी संस्थेला वेगळी केंद्रीय नोंदणी लागते. ती नसताना आलेला पैसा डोकेदुखी ठरतो.

एक खाट, दहा घरं

आता मूळ मुद्दा. एका खाटेचे महिन्याला ४,८५०, दहा घरांनी वाटून घेतले तर घरटी ४८५. तीस खाटा, तीनशे घरं. त्यासाठी सगळा जिल्हा पालथा घालायला नको, चार-पाच गल्ल्यांत मिळतील एवढी ही घरं आहेत. अट एकच. दर महिन्याला द्यायचे.

दर महिन्याला ठरल्या तारखेला पैसे काढून देण्याची सवय आपल्याकडं कुणाला आहे? भिशीच्या बायकांना. आमच्या पहिल्या दहा घरांची गाठ मंगळवार पेठेतल्या एका वहिनींनी बांधली. त्यांची भिशी पंधरा वर्षं चाललेली. त्यांनी आमचं छापील पत्रक वाचलंच नाही. ओट्यावरचं पीठ पुसलं, ड्रॉवरमधून रेघांची वही काढली, दहा नावं लिहिली, प्रत्येकीच्या पुढं बारा चौकोन आखले आणि विचारलं, "कितव्या तारखेला न्यायचे?" आम्ही म्हणालो, एक तारखेला. "एक तारखेला नको. किराणा, शाळेची फी, हप्ते. दहाला या." त्या दिवसापासून आमची तारीख दहा.

प्रत्येक खाटेला अशी एक वहीवाली शोधा. तिच्याकडं दहापेक्षा जास्त घरं देऊ नका. बारा झाली की पाठपुरावा सुटतो. कुणी गाव सोडलं, कुणाच्या घरी आजारपण आलं तर बदली घर शोधायचं काम तिचं. पैसे थेट बँकेत जाऊ देत, क्यूआरवरून किंवा खात्यातून आपोआप. वहीत फक्त टिक. ज्येष्ठ मंडळींना रोखच जमतं, त्यांची पावती त्याच दिवशी. एक खबरदारी: याला 'भिशी' हे नाव देऊ नका. इथं नंबर लागत नाही, पैसे परत मिळत नाहीत, आणि नावावरून गैरसमज झाला की निस्तरता निस्तरत नाही. आम्ही 'खाटेची वही' म्हणतो.

मागायला जाताना क्रम पाळा. आधी समितीतल्या प्रत्येकानं स्वतःचे ४८५ सुरू करायचे. ज्याला जमत नाही त्यानं वेळ द्यावा, पण मागणाऱ्यांत बसू नये. मग जवळचे नातेवाईक, मित्र, तालमीतली मंडळी. अनोळखी दारावर तिसऱ्या आठवड्यात. तोवर तीस-चाळीस नावं वहीत असतात आणि समोरचा 'कोण कोण देतंय?' म्हणून नावं वाचतो. शेजाऱ्याचं नाव दिसलं की काम सोपं होतं.

कुणाकडं कधी जायचं

वेळ चुकली की होकार देणाराही नकार देतो. गावाकडच्या दाराला दिवाळीत जा, दूध संघाकडून दरफरकाचे पैसे हातात आलेले असतात. ऊस कारखान्याला गेल्यावर बिल येईपर्यंत थांबा. गुळाच्या आणि गुजरीतल्या सराफ व्यापाऱ्यांकडं सणाच्या गर्दीत जाऊ नका, गर्दी ओसरल्यावर चहाच्या वेळेला जा. तेव्हा ऐकून घेतात.

पतसंस्था आणि सहकारी बँकांचं गणित वेगळं. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची असते. नफ्यातून धर्मादाय कामाला रक्कम द्यायची तर विषय संचालकांपुढं आधी जावा लागतो. मे-जूनमध्ये अर्ज द्या. सप्टेंबरमध्ये गेलात तर 'पुढच्या वर्षी बघू' हे ठरलेलं उत्तर.

शिरोली आणि गोकुळ शिरगावातल्या कारखानदारांकडं जाताना 'सीएसआर' (कंपन्यांनी सामाजिक कामाला द्यायचा पैसा) हा शब्द लगेच काढू नका. कंपनी कायद्यातलं बंधन निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ मूल्य ५०० कोटी यातली एक तरी मर्यादा गाठणाऱ्या कंपन्यांना. आपल्याकडचे अनेक फाउंड्रीवाले त्यात बसत नाहीत. ते देतात ते मालक म्हणून, मनाला पटलं तर. मोठ्या कंपनीकडं जायचं तर संस्थेची सीएसआर-१ नोंदणी आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा न्या, आणि पगार मागू नका. खाटा, सौर बंब, पाण्याची टाकी मागा. लोखंडी खाटा आणि कुलपाच्या पेट्या तर इथल्याच शेडमध्ये वेल्डिंग होऊन मिळतात, विकत घेण्यापेक्षा स्वस्त.

मंडळांकडं गणपतीत जाऊ नका, आषाढात जा, लाइटचं आणि मिरवणुकीचं बजेट ठरताना. एका मंडळानं वर्षभर एक खाट उचलली तर ५८,२०० रुपये. पेठेपेठेतली ईर्ष्या फुटबॉलच्या मैदानावर दिसते तशी इथंही कामाला येते. समोरच्या तालमीनं दोन खाटा घेतल्या हे कळलं की आपलं मंडळ तीन घेतं. याला मी नावं ठेवणार नाही.

आणि २६ जून. शाहू जयंतीला भाषणं होतातच. दसरा चौकात उभं राहून जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग दाखवा. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून महाराजांनी जातीजातीची वसतिगृहं उभी करायला लावली. दरबारानं जागा आणि मदत दिली, समाजानं भर घातली. परगावच्या पोराला या शहरात डोकं टेकायला जागा मिळावी एवढाच त्यामागचा विचार. आपलं काम त्याच रांगेतलं आहे, फक्त पोरं मोठी आहेत.

वस्तू आणि पाट्या

डिसेंबरात ब्लँकेटं येतात. येतच राहतात. आमच्याकडं एका आठवड्यात तीस माणसांसाठी शंभरावर ब्लँकेटं जमली आणि धुवायला, वाळवायला, ठेवायला जागा नाही. त्याच आठवड्यात नखं कापायला नेलकटर नव्हता. म्हणून वस्तूंची यादी दर महिन्याला नवी लावा: खरजेचं मलम, पुरुषांच्या चड्ड्या, रबरी चपला नऊ-दहा नंबरच्या, दाढीचं सामान, ढेकणांचं औषध, रेक्झिनची गादीकव्हरं, वाचायचे चष्मे. लाकडी खाट कुणी दिली तर हात जोडून परत पाठवा, फटीत ढेकूण बसतात. वाढदिवसाचं जेवण द्यायला लोक येतात. येऊ देत, पण केक कापताना मागं बेघरांची रांग आणि पुढं मोबाईल, हे चालणार नाही असं आधीच सांगा.

खाटेवर दात्याचं नाव घालायचं नाही यावर आमच्यात तीन बैठका झाल्या. झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर दुसऱ्याचं नाव बरं दिसत नाही, असं माझं मत होतं आणि आहे. तोडगा निघाला तो असा: दाराबाहेर एक फळा, त्यावर सगळ्या तीनशे घरांची आडनावं सारख्याच अक्षरात, कमी-जास्त काही नाही. त्याच फळ्याच्या दुसऱ्या अर्ध्यात महिन्याची जमा, खर्च, शिल्लक खडूनं. तूट असेल तर तूटही लिहायची. फळ्यावर तूट दिसली त्या महिन्यात दोन माणसं स्वतःहून आत आली.

एक ठेच आम्हाला लागली ती सांगतो. एका संस्थेनं कार्यक्रमात मोठ्या पुठ्ठ्याच्या चेकसह आमचा फोटो काढला, पेपरात आला. खरा चेक आलाच नाही. त्या भरवशावर आम्ही गाद्यांची ऑर्डर देऊन बसलो होतो. वर बातमी वाचून चार घरांनी 'तुम्हाला आता भरपूर मिळालं की' म्हणत वही थांबवली. तेव्हापासून नियम: पैसे खात्यात जमा झाल्यावर फोटो.

ज्या गल्लीत निवारा, त्या गल्लीत आधी

जागेचा करार करण्यापूर्वी त्या गल्लीतल्या लोकांना बोलवा. देवळात, तालमीत, कुठंही. ते विचारणार: दारू पिऊन येणार का, पोरीबाळींना त्रास होईल का, चोऱ्या वाढतील का. उत्तरं खरी द्या. रात्री नोंदवही असेल, दाराशी माणूस असेल, नशेत धिंगाणा करणाऱ्याला त्या रात्री आत घेणार नाही, हा फोन नंबर, चोवीस तास उचलला जाईल. "असं काही होणारच नाही" म्हणू नका. पहिल्या प्रसंगाला सगळा विश्वास जातो. आणि पहिली खाटेची वही याच गल्लीत सुरू करा, दहा जमली नाहीत तर पाच घरं. ज्यांनी ४८५ दिलेत ते तक्रार करायला महापालिकेत जात नाहीत, आधी तुमच्याकडं येतात.

उद्घाटनाला मंडप घालू नका. पहिल्या रात्री आठ खाटा उघडा, आठवड्यानं पंधरा, महिन्यानं तीस. नळ कुठं गळतो, गरम पाणी किती जणांना पुरतं, दार किती वाजेपर्यंत उघडं ठेवावं लागतं हे तेव्हाच कळतं, आणि खर्चाचा खरा आकडा हातात येतो. तो १६२ पेक्षा जास्त निघाला तर फळ्यावर बदला आणि वहीवाल्यांना कारणासकट सांगा.

चौथ्या महिन्यात वह्यांतले चौकोन रिकामे राहायला लागतील, हे धरूनच चाला. तेव्हा मेसेज पाठवू नका. त्या दहा घरांना रात्री नऊला निवाऱ्यावर बोलवा, एका वेळी एकाच खाटेची मंडळी. जेवण वाढायला लावा, ताटं घासायला लावा. आमच्या वहिनी आल्या तेव्हा पिठल्यात मीठ कमी आहे म्हणाल्या आणि पुढच्या मंगळवारपासून आठवड्यातून एकदा स्वयंपाकघर त्यांनीच ताब्यात घेतलं. त्यांच्या वहीतले बाराही चौकोन भरले.